निळे ठिपके येतात, पण रोप येत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रयोगशाळेने वर्षानुवर्षे जपलेला स्वतःचा एक इनब्रेड (पिढ्यानपिढ्या स्वपरागणाने एकसारखा केलेला) मका आहे आणि त्यात एक जनुक घालायचे आहे. अपरिपक्व भ्रूणांना तुम्ही पेशीत डीएनए सोडणारा जिवाणू, म्हणजे अ‍ॅग्रोबॅक्टेरियम लावता. तीन दिवसांनी गस चाचणी (घातलेले गस जनुक चालले तर निळा रंग देणारी) केली की भ्रूणांवर छान निळे ठिपके दिसतात. पुढे जनुक न मिळालेल्या पेशी मराव्यात म्हणून बायलाफॉस या तणनाशकाच्या माध्यमावर टाकले की बहुतेक सगळे तपकिरी पडते, आणि जे थोडे वाचते त्याला मुळे फुटतात, कोंब फुटत नाही. आता मार्गदर्शक म्हणतात जीन गन (डीएनए लावलेले सोन्याचे कण पेशींवर झाडणारे यंत्र) वापरा, सहकारी म्हणतो परागकणांतून जनुक घाला. यातली सर्वांत चांगली पद्धत कोणती, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते तुमची अडचण पद्धतीची नाहीच. डीएनए पेशीत पोचतो आहे, हे ते ठिपकेच सांगताहेत. मक्यात अडते ते त्याच्या पुढे. ज्या पेशीला जनुक मिळाले, त्याच पेशीतून अख्खे रोप उभे राहावे लागते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच पेशीत जुळून येणे दुर्मीळ असते. तुमच्याकडे पहिली गोष्ट घडते आहे. दुसरी घडू शकते की नाही, हे तुम्ही अजून तपासलेलेच नाही, निदान प्रश्नात तरी तसे कुठे दिसले नाही.

आधी त्या निळ्या ठिपक्यांबद्दल. तिसऱ्या दिवशीचा निळा रंग हा बव्हंशी तात्पुरत्या अभिव्यक्तीचा असतो. टी-डीएनए, म्हणजे जिवाणूने पेशीत सोडलेला डीएनएचा तुकडा, केंद्रकात पोचला, त्यावरून प्रथिन तयार झाले, पण तो गुणसूत्रात शिरलेला असेलच असे नाही. पाहुणा ओसरीवर येऊन बसला, एवढाच त्याचा अर्थ. तो घरात राहायला आला की नाही हे काही आठवड्यांनी कळते. शिवाय तुमच्या गस जनुकात इंट्रॉन (वनस्पतीची पेशी कापून टाकते, पण जिवाणूला कापता येत नाही असा मधला तुकडा) आहे ना, हे वाहकाचा, म्हणजे जनुक ज्या डीएनएवर बांधले आहे त्याचा, नकाशा काढून पाहा. इंट्रॉन नसेल तर जिवाणू स्वतःच निळा रंग देऊ शकतात आणि तुम्ही भ्रूणाचे म्हणून जिवाणूंचेच ठिपके मोजत बसाल. आणखी एक गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, ठिपके नेमके कुठे आहेत. भ्रूणजनक कॅलस, म्हणजे ज्यातून पुढे रोपे फुटतात तो पेशींचा गोळा, स्क्युटेलमच्या (भ्रूणाच्या ढालीसारख्या बीजपत्राच्या) पृष्ठभागालगतच्या पेशींतून येतो. ठिपके अक्षावर (भ्रूणातल्या कोंब-मुळाच्या दांड्यावर) किंवा चिमट्याने दुखावलेल्या कडेला असतील तर ते कितीही गडद असले तरी फारसे कामाचे नाहीत. भ्रूण माध्यमावर ठेवताना अक्षाची बाजू खाली आणि स्क्युटेलम वर असावे. उलटे पडलेले भ्रूण सरळ उगवायला लागते आणि मुळे काढते. तुमच्या 'मुळे येतात, कोंब येत नाही' या तक्रारीतला काही भाग इथून येत असण्याची शक्यता मला वाटते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे वाण. मक्यात ऊतीसंवर्धनाला कोणता वाण कसा प्रतिसाद देतो यात प्रचंड फरक आहे, आणि या क्षेत्राचा इतिहासही त्याभोवतीच फिरतो. १९७५ मध्ये ग्रीन आणि फिलिप्स यांनी अपरिपक्व भ्रूणांच्या कॅलसपासून मक्याची रोपे मिळवली, ती ए१८८ या इनब्रेडमध्ये. १९९६ मध्ये जपान टोबॅकोच्या इशिदा आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅग्रोबॅक्टेरियमने मक्याचे भरवशाचे रूपांतरण (जनुक घालून रोप मिळवणे) दाखवले, तेही ए१८८ वरच. तिथे त्यांना ५ ते ३० टक्के भ्रूणांतून रूपांतरित रोपे मिळाली. जगभरच्या विद्यापीठांत पुढे रुळलेला हाय-टू हा साठा ए१८८ आणि बी७३ यांच्या संकरातून निवडलेला आहे, कारण त्याचा कॅलस भुसभुशीत, भराभर वाढणारा आणि सहज रोपे देणारा असतो. ज्याचा जीनोम संदर्भ म्हणून साऱ्या जगाने वापरला त्या बी७३ ने मात्र जुन्या पद्धतींना वर्षानुवर्षे दाद दिली नाही. मग शेतासाठी किंवा संकर वाणाच्या पालकत्वासाठी निवडलेला तुमचा इनब्रेड योगायोगाने ऊतीसंवर्धनातही चांगला निघेल, अशी आशा कशाच्या जोरावर करायची?

म्हणून माझ्याकडे कोणी नवा वाण घेऊन आले की मी आधी जिवाणू आणि जनुक दोन्ही बाजूला ठेवायला सांगते. नुसते भ्रूण घ्या. काही २,४-डी आणि प्रोलीन घातलेल्या एन६ माध्यमावर ठेवा, काही डायकॅम्बा घातलेल्या एमएस माध्यमावर. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेट असलेला आणि नसलेला असे दोन गट करा. अंधारात महिनाभर वाढवा आणि मग पुनर्जननाच्या माध्यमावर न्या. पाणीदार, पारदर्शक, मुळे काढणारा कॅलस आला तर तो निरुपयोगी. घट्ट, पिवळसर, गाठीगाठींचा आला तर तो पहिल्या प्रकारचा. त्यातून रोपे मिळतात, पण निवड करताना डोळ्यांत तेल घालून काम करावे लागते. भुसभुशीत, वर छोटे छोटे भ्रूण उभे राहिलेला आला तर तुम्ही नशीबवान. या चाचणीत एकही रोप मिळाले नाही तर पुढची सगळी चर्चा थांबवा, कारण जिवाणू लावल्यावर आणि तणनाशक घातल्यावर परिस्थिती सुधारत नसते, बिघडतेच.

तसे झाले तर? इथे उत्तर तुमच्या हेतूवर अवलंबून आहे. जनुक काय करते एवढेच पाहायचे असेल तर स्वतःच्या वाणाचा हट्ट सोडा आणि हाय-टू किंवा बी१०४ घ्या. बी१०४ हा सार्वजनिक इनब्रेड आहे, बी७३ च्या जवळचा आहे, आणि रूपांतरणाला तयार होतो, सावकाश का होईना. हाय-टूचा वेग चांगला, पण तो एकजिनसी नाही. त्याच्या दोन रोपांत जनुक न घालताही फरक असतो. त्यामुळे उंची, उत्पादन, ताण सहन करणे असले गुण मोजायचे असतील तर तुलना बाहेरच्या हाय-टूशी करू नका. त्याच कणसातल्या, जनुक न आलेल्या भावंडांशी करा. हे न पाळलेले प्रबंध मी तपासले आहेत आणि त्यांतले निष्कर्ष कशामुळे आले हे शेवटपर्यंत सांगता येत नाही.

जनुक शेवटी तुमच्याच वाणात हवे असेल तर सोप्या वाणात घालून पश्चसंकर, म्हणजे तुमच्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर, करत न्या. सहा पश्चसंकरांनंतर सरासरी ९९ टक्क्यांहून थोडा अधिक जीनोम तुमच्या वाणाचा होतो. जनुकाच्या अगदी शेजारचा तुकडा मात्र चिवटपणे सोबत राहतो, तिथे डीएनए मार्कर (जागा ओळखणाऱ्या खुणा) लावून निवड करावी लागते. वेळ जातो हे खरे. पण न उगवणाऱ्या वाणाशी झगडण्यात जाणारा वेळ मी पाहिला आहे, त्यापुढे हा वेळ हिशेबात तरी धरता येतो.

वाणाइतकेच महत्त्व भ्रूणांचे. परागीभवनानंतर किती दिवसांनी कणीस काढायचे, असे सगळे विचारतात. दिवस मोजू नका, भ्रूण मोजा. साधारण सव्वा ते पावणेदोन मिलिमीटरचा भ्रूण हवा. उष्ण हवेत तो नऊ-दहा दिवसांत तयार होतो, थंडीत दोन आठवडेही लागतात. तापलेल्या, पाण्याचा ताण बसलेल्या किंवा नुकतीच कीटकनाशकाची फवारणी झालेल्या झाडाचे कणीस दिसायला ठीक असते, पण भ्रूण माध्यमावर रुसून बसतात. आणि या कामात सर्वांत मोठा फरक कणसाकणसांत असतो. एकाच दिवशी, एकाच वाणाची दोन कणसे घेतली तरी एकातून भरपूर रोपे येतात आणि दुसऱ्यातून काहीच येत नाही. त्यामुळे दोन माध्यमांची किंवा दोन जिवाणूंची तुलना करायची तर प्रत्येक कणसाचे भ्रूण दोन्हीकडे वाटून टाका. एक कणीस या माध्यमावर, दुसरे त्या माध्यमावर असे केले तर तुम्ही माध्यमांची नव्हे, कणसांची तुलना करत असता.

आता जीन गन की अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. मक्यात पहिल्यांदा परकीय जनुक घालून रोपे मिळाली ती १९८८ मध्ये, पेशीभित्तिका काढलेल्या पेशींना विजेचा झटका देऊन; पण ती रोपे वांझ निघाली. बीजधारणा करणारी रूपांतरित रोपे १९९० मध्ये दोन गटांनी दाखवली, दोन्हींनी कणांचा मारा वापरला होता. म्हणजे मक्यातली पहिली भरघोस वाट जीन गननेच उघडली. पण कणांवरून गेलेला डीएनए तुकड्यातुकड्यांनी, अनेक प्रतींनी, कधी उलटसुलट जोडला जाऊन शिरतो. मॉन८१० हा प्रसिद्ध बीटी मका याच पद्धतीने तयार झाला. त्यात शिरलेल्या जनुकाचे शेवटचे टोक तुटलेले आहे आणि मूळ रचनेतला टर्मिनेटर (जनुकाचे वाचन थांबवणारा तुकडा) तिथे नाही. तरीही जनुक काम करते, म्हणून तो इव्हेंट (जनुक शिरल्याची एक स्वतंत्र घटना) चालला. तुमच्या पदरात असा सुदैवी तुकडा पडेलच असे नाही, आणि अनेक प्रती एकत्र आल्या की पुढच्या पिढ्यांत जनुक मुके होण्याचा धोका वाढतो.

अ‍ॅग्रोबॅक्टेरियम टी-डीएनएच्या दोन सीमांमधला भाग बऱ्यापैकी नेमका देतो, प्रती कमी असतात, एक प्रत असलेले इव्हेंट बऱ्यापैकी मिळतात. त्यातही कधीकधी सीमा ओलांडून वाहकाचा बाकीचा भाग आत शिरतो, म्हणून तो नंतर तपासावा लागतो. साध्या जनुकासाठी मी आज अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच निवडेन. गनची खरी जागा वेगळी आहे. डीएनए न घालता जनुक-संपादनाचे कॅस९ प्रथिन आणि मार्गदर्शक आरएनए यांचे तयार संकुल थेट पेशीत सोडायचे असेल तर गन उपयोगी पडते. मक्यात हे २०१६ मध्ये करून दाखवले गेले आहे. तुमच्या अडचणीवर मात्र गन हे औषध नाही. ज्या वाणाचा कॅलस रोपच देत नाही, त्यावर सोन्याचे कण झाडले तरी तो रोप देणार नाही. जिवाणू लागताच भ्रूण काळे पडून मरत असतील, तेवढ्या एका परिस्थितीत गन करून पाहण्यात अर्थ आहे. तसे केलेत तर ०.६ मायक्रॉनचे सोन्याचे कण घ्या आणि मारा करण्याआधी काही तास व नंतर रात्रभर भ्रूण सॉर्बिटॉल-मॅनिटॉलच्या माध्यमावर ठेवा. पेशी थोड्या आक्रसलेल्या असल्या की कणाने पडलेल्या भोकातून त्यांचा आतला द्रव बाहेर सांडत नाही.

अ‍ॅग्रोबॅक्टेरियमवरच राहणार असाल तर तुमच्या पद्धतीत मी काही जागा तपासेन. को-कल्टिव्हेशनचे (भ्रूण आणि जिवाणू एकत्र ठेवण्याच्या काळातले) तापमान २० ते २३ अंशांच्या आसपास असावे; तापमान २८ च्या वर गेले की टी-डीएनए वाहून नेणारी जिवाणूची यंत्रणाच ढेपाळते. अ‍ॅसिटोसिरिंगोन (जिवाणूला चेतवणारे रसायन) १०० मायक्रोमोलर, ताजे. को-कल्टिव्हेशनच्या माध्यमात सिस्टीन हे अमिनो आम्ल घाला. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या गटाने २००२ मध्ये हाय-टूमध्ये साध्या बायनरी वाहकाने सरासरी साडेपाच टक्के यश मिळवले, त्यात सिस्टीनचा मोठा वाटा होता. तीन दिवसांनंतर लगेच तणनाशकावर टाकू नका. आठवडाभर फक्त जिवाणू मारणारे प्रतिजैविक असलेल्या माध्यमावर विसावा द्या, मग कमी मात्रा, मग पूर्ण. बायलाफॉसची मात्रा दुसऱ्याच्या शोधनिबंधातून उचलू नका. रूपांतरण न केलेल्या तुमच्याच कॅलसवर वेगवेगळ्या मात्रा लावून मारक मात्रा ठरवा. हे तणनाशक ग्लुटामिन तयार करणारे विकर बंद पाडते, त्यामुळे माध्यमात केसीन हायड्रोलायसेटसारखी अमिनो आम्लांची रेलचेल असेल तर त्याची धार बोथट होते.

आणि सर्वांत आधी पाहण्याजोगी गोष्ट, जी मुले हटकून विसरतात: तुमचे बार जनुक, म्हणजे बायलाफॉसपासून वाचवणारे जनुक, कोणत्या प्रमोटरखाली (जनुक चालू करणाऱ्या तुकड्याखाली) आहे? गस जर मक्याच्या युबिक्विटिन प्रमोटरखाली, त्याच्या पहिल्या इंट्रॉनसह असेल तर ठिपके गडद येणारच. पण त्याच वाहकात बार हे जनुक नॉस प्रमोटरखाली असेल, म्हणजे वाहक मुळात तंबाखूसारख्या द्विदल वनस्पतींसाठी बांधलेला असेल, तर मक्याच्या पेशीत ते इतके कमी चालते की रूपांतरित पेशीही तणनाशकाने मरते. तुमची लक्षणे या चित्रात चपखल बसतात. वाहकाचा नकाशा पाहायला दहा मिनिटे लागतात, ती आजच काढा. वाहकात नॉस निघाला तर प्रमोटर बदलल्याखेरीज पुढचा एकही भ्रूण वाया घालवू नका. तिथे बारऐवजी कॅनामायसिन या प्रतिजैविकाचा निवड-मार्कर निघाला तरी तेच, धान्यपिके त्याला मुळातच बरीच दाद देत नाहीत.

वाणाचे बंधन सैल करणारी एक वाट मात्र खरोखर निघाली आहे. २०१६ मध्ये पायोनियरच्या शास्त्रज्ञांनी बेबी बूम आणि वुशेल-टू ही दोन विकासजनुके सोबत घालून, आधी दाद न देणाऱ्या इनब्रेडांतूनही रोपे मिळवली. ही जनुके पेशीला भ्रूण व्हायला भाग पाडतात. तीच जनुके रोपात चालू राहिली तर रोप वेडेवाकडे आणि वांझ होते, म्हणून सुरुवातीला ती क्री-लॉक्स यंत्रणेने कापून टाकत, आणि पुढे योग्य वेळी, योग्य पेशीतच चालणारे प्रमोटर निवडून प्रश्न सोपा केला गेला. सोबत जिवाणूत जादा विषाणुता-जनुकांचा एक मदतनीस प्लाझ्मिड ठेवला की, म्हणजे तीन घटकांची वाहक रचना केली की, यश आणखी वाढते. २०२३ मध्ये तर रोपाच्या पानाच्या बुडख्यापासून रूपांतरण दाखवले गेले. म्हणजे कणसाची वाट पाहणेही संपले. यातले बरेचसे साहित्य पेटंटखाली आहे, संशोधनासाठी करार करून मिळवावे लागते, आणि त्या कागदपत्रांना वेळ लागतो. स्वतःच्याच वाणात काम करणे तुम्हाला अपरिहार्य असेल तर जीन गन विकत घेण्याऐवजी हे पत्रव्यवहार सुरू करा, असे मी तुमच्या मार्गदर्शकांना सांगेन.

परागकणांबद्दल थोडक्यात. फुले जिवाणूंच्या द्रावणात बुडवण्याची युक्ती अरेबिडॉप्सिसमध्ये सर्रास चालते, मक्यात नाही. २०१७ मध्ये चुंबकीय नॅनोकणांनी कापसाच्या परागांत डीएनए घातल्याचा दावा आला. २०२० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मक्यासह काही एकदल वनस्पतींत तो पडताळून पाहिला आणि त्यांना काही पुरावा मिळाला नाही. पुढे मक्यात यश आल्याचेही एका गटाने लिहिले. वाद मिटेपर्यंत कुतूहल म्हणून जरूर करून पाहा, पण पदवी त्यावर टांगू नका.

रोप मिळाले की पुढचे काम लहान वाटते, तसे ते नसते. पहिल्या पिढीच्या रोपात नुसता पीसीआर करून आनंद साजरा करू नका. ऊतीत दडलेला जिवाणूही पट्टी देतो. टी-डीएनएच्या बाहेरच्या, वाहकावरच्या एखाद्या जनुकाचा पीसीआर सोबत लावा. पानाच्या तुकड्यावर ग्लुफोसिनेट (बायलाफॉससारखेच तणनाशक) पुसून पाहणे स्वस्त आणि प्रामाणिक चाचणी आहे. प्रतींची संख्या सदर्न ब्लॉटने किंवा डिजिटल पीसीआरने काढा. एकाच कॅलसपासून आलेली पाच रोपे म्हणजे पाच इव्हेंट नव्हेत, तो एकच इव्हेंट पाचदा आहे. आणि जनुक गुणसूत्रावर कुठे बसले यावर त्याची ताकद बदलत असल्याने, एका इव्हेंटवरून जनुकाच्या गुणांबद्दल काही बोलू नये. ऊतीसंवर्धनातल्या रोपांचा तुरा आणि सिल्क बहुधा एका वेळी येत नाहीत, तुऱ्यातच दाणे धरण्याचे प्रकारही होतात. म्हणून साध्या मक्याची झाडे आठवड्या-आठवड्याच्या अंतराने लावून ठेवा, पराग हाताशी हवेत. अशा संकरातून पुढच्या पिढीत निम्म्या रोपांत जनुक दिसले तर ते एकाच जागी बसले आहे असे धरायला हरकत नाही. आणि जैवसुरक्षा समितीची परवानगी हे सगळे सुरू करण्याआधी हातात असू द्या, झाडे तुऱ्यावर आल्यावर नव्हे.

तर पुढच्या खेपेला तुम्ही असे करा. तुमच्या वाणाची आणि शेजारी बी१०४ किंवा हाय-टूची कणसे एकाच वेळी तयार ठेवा. दोन्हींचे काही भ्रूण जिवाणूशिवाय, तणनाशकाशिवाय वाढवा. काहींना जिवाणू लावा पण तणनाशक देऊ नका. बाकीच्यांना पूर्ण प्रक्रियेतून न्या. सोप्या वाणातून रोपे आली आणि तुमच्या वाणातून जिवाणूशिवायही आली नाहीत, तर दोष वाणाचा. तुमचा वाण जिवाणूशिवाय रोपे देतो पण जिवाणू लागल्यावर मरतो, तर को-कल्टिव्हेशन आणि सिस्टीनकडे वळा, आणि हवी तर तेव्हा गन काढा. जिवाणू लावूनही दोन्ही वाण तणनाशकाशिवाय छान वाढतात आणि तणनाशकावर दोन्ही मरतात, तर बारचा प्रमोटर आणि मात्रा. दोन्ही वाण जिवाणूशिवायच बसले, तर कणसे देणारी झाडे किंवा माध्यम बिघडले आहे. हे निकाल, वाहकाचा नकाशा आणि भ्रूणांचे मिलिमीटरमधले माप लिहून कळवा, पुढचे त्यावरून बोलू.